दुसरी कोंबडी

त्या दिवशी देगूत आमच्या चौदा लिफ्ट तपासून झाल्या
आणि पंधराव्या इमारतीचा राखणदार
चावी खिशात घालून गावाला गेलेला निघाला.
म्हणून आम्ही मोकळे. आणि उपाशी.
माझा मदतनीस ह्योक फोनवर तारे मोजत बसला,
ह्या दुकानाला चार, त्याला साडेचार.
मी आपला नाकामागे चालत राहिलो
कुलपांची दुकानं ओलांडून, शिलाई मशीनच्या गल्लीतून,
जिथे दोन बोळ समोरासमोर येतात
आणि एकमेकांना ओळख देत नाहीत.

पाच टेबलं. एकाच्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी.
"काय आहे?" म्हटलं.
माल्सुनबाई म्हणाल्या, "कोंबडी."
"अजून?"
"अर्धी कोंबडी."

पहिली आली. चांगली होती, खोटं कशाला बोलू,
मीठ हाडापर्यंत पोचलेलं, मुळ्याचं लोणचं गारगार,
ह्योकने मान खाली घातली ती वर काढलीच नाही.
पण मांडीपाशी जरा, एका श्वासाएवढी,
जास्त झालेली.
मी बोललो नाही. माझं लक्ष पंख्याकडे होतं.

धूर खेचणारा पंखा, कढईच्या डोक्यावर.
त्याच्या बेअरिंगचं रडगाणं
मी उंबऱ्यातच ओळखलं होतं.
अठ्ठावीस वर्षं मोटारींच्या छातीला कान लावतोय,
एवढं कळलं नाही तर पगार कशाचा?
"पंखा जाणार तुमचा."
"चार वर्षं जातोय," त्या म्हणाल्या,
आणि डावा कान माझ्याकडे केला. उजवा केव्हाच मिटलाय.
"आधी मी तेल ऐकायचे.
कोंबडी सोडली की ते भांडतं,
मग कुरकुरतं, मग नुसतं पुटपुटतं,
आणि मग म्हणणं संपल्यासारखं थांबतं. तेव्हा काढायची.
आता हा वर रडत असतो. घड्याळावर काढते."
भिंतीवरच्या घड्याळाकडे त्यांनी
सवतीकडे पाहावं तसं पाहिलं.

शिडी नव्हती. टेबलावर खुर्ची, खुर्चीवर मी,
खाली ह्योक माझे घोटे धरून,
तेलकट हातांनी, म्हणजे धरून न धरल्यासारखाच.
वर बोटभर काळा चिकटा, त्यात एक माशी,
कुठल्या सालची कोण जाणे.
ग्रीसची डबी माझ्या खिशात असतेच.
दहा मिनिटांचं काम. कळ दाबली.

मग ऐकू आलं
कोपऱ्यातल्या म्हाताऱ्याचं बियर गिळणं,
बाहेर कुणाचं तरी शटर,
फ्रिजच्या पोटातली गुरगुर.
माल्सुनबाईंनी दुसरी कोंबडी सोडली
आणि सगळ्या दुकानावर झारा उगारला: चूप.
घड्याळाकडे पाठ. डावा कान कढईवर कलता.
कोण कुठले आम्ही, सहा-सात जण,
तेलाचं भांडण ऐकत उभे.
भांडलं. कुरकुरलं. पुटपुटलं.
मला तर अजून पुटपुटतच होतं
तोवर त्यांनी झारा घातला.

त्या कोंबडीबद्दल फार सांगणार नाही.
पापुद्रा मोडला तेव्हा पलीकडच्या टेबलाने वळून पाहिलं.
म्हाताऱ्याने न विचारता एक तंगडी उचलली
आणि आम्ही उचलू दिली,
एवढ्यावरून काय ते समजा.

पैसे दोन्ही कोंबड्यांचे घेतले.
"आणि पंख्याचे?" ह्योक.
"पंखा माझा, कान तुझ्या साहेबाचे,
हिशेब कसला घालतोस?"
तरी निघताना कागदी पिशवीत कलेजी-पेटा कोंबलाच.

रात्री आमच्या इमारतीत, लिफ्टमध्ये,
आठव्या मजल्याची कू बाई शिरली.
पिशवीकडे पाहिलं. नाकानेच विचारलं, कुठून?
पत्ता ओठांवर आला होता.
"बाजारातून," म्हटलं. पाचच टेबलं आहेत हो.

ती उतरली. सोळाव्याला मी उतरलो.
वास आतच राहिला,
रिकाम्या लिफ्टमधून खाली-वर करत,
दार उघडेल त्या मजल्यावर
थोडा थोडा उतरत.